सहा नंबरची हाफ

कोल्हापुरात माझ्या वयाच्या कुणासमोरही नॉर्वेचं नाव काढा, बहुतेकांना एकच रात्र आठवते. 1998 चा वर्ल्ड कप, फ्रान्समधलं मार्सेल आणि समोर ब्राझील. आमच्या मंगळवार पेठेत तेव्हा निम्म्या गल्ल्या पिवळ्या-हिरव्या असायच्या आणि उरलेल्या निम्म्या निळ्या-पांढऱ्या. 78 व्या मिनिटाला बेबेतोनं गोल मारला, तशी गल्लीत माळ लागली. पाच मिनिटांत टोरे आंद्रे फ्लोनं बरोबरी केली, आणि 88 व्या मिनिटाला शेटिल रेक्डाल नावाच्या मिडफिल्डरनं पेनल्टीवर ब्राझीलला हरवलं. ब्राझील आधीच पुढच्या फेरीत पोचला होता, काही बिघडणार नव्हतं, तरी माझा थोरला भाऊ दुसऱ्या दिवशी कुणाशी धड बोलला नाही. रेक्डालचं नाव आजही आमच्या घरात चांगल्या तोंडानं घेतलं जात नाही.

मला लिहायचंय ते नॉर्वेच्या दुसऱ्या हाफविषयी. आमच्याकडची जुनी माणसं मिडफिल्डरला हाफ म्हणतात आणि माझ्याही तोंडात तेच बसलंय. तिचं नाव हेगे रीसे. नॉर्वेसाठी ती 188 सामने खेळली आणि 58 गोल केले. युरो म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा, वर्ल्ड कप आणि ऑलिम्पिक, तिन्हींची सुवर्णपदकं तिच्याकडे आहेत. ज्या शहरात प्लंबरपासून प्रोफेसरपर्यंत सगळ्यांना मॅराडोनाच्या 1986 च्या गोलचा प्रत्येक टच पाठ आहे, तिथे हे नाव कुणी ऐकलेलं नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मी शाळेत खेळ शिकवते आणि सकाळी मुलींचा फुटबॉलचा सराव घेते. माझ्याकडच्या एका मुलीमुळे हे लिहायला बसले. तेरा-चौदा वर्षांची, पायात बॉल छान थांबतो, आणि मुख्य म्हणजे मान वर करून खेळते. मी तिला मधे खेळवते. परवा सराव संपल्यावर जवळ आली आणि म्हणाली, "मॅडम, मला फॉरवर्डला घाला की. हाफला कोण बघतंय?"

खरं बोलली पोरगी. शाहू स्टेडियमवर आपण काय बघतो? गोल बघतो, गोलकीपरनं झेप घेऊन काढलेला बॉल बघतो, टायब्रेकर लागला तर श्वास रोखून बघतो. पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असा सामना असला की गॅलरीत पाय ठेवायला जागा नसते. पण गोलच्या आधीचा पास कुणी दिला हे घरी जाताना किती जणांना सांगता येतं? दुसऱ्या दिवशीच्या पेपरातसुद्धा "अमक्याच्या पासवर तमक्याने गोल नोंदवला" एवढ्यातच बिचारा हाफ उरकला जातो. त्या मुलीला मी तेव्हा एवढंच म्हटलं, की तुला एक बाई दाखवते, मग ठरव.

हेगे रीसेचा जन्म 18 जुलै 1969 चा, ऑस्लोजवळच्या लॉरेन्स्कोगचा. ती जन्मली तेव्हा नॉर्वेत मुलींच्या फुटबॉलला अधिकृत मान्यताच नव्हती. तिथल्या फुटबॉल महासंघानं ती दिली 1976 मध्ये, आणि नॉर्वेच्या महिला संघाचा पहिला अधिकृत सामना झाला 1978 मध्ये. हे साल लक्षात ठेवा. कारण त्याच सुमारास, 1980 च्या आसपास आणि पुन्हा 1983 मध्ये, भारताचा महिला संघ आशियाई स्पर्धेत उपविजेता ठरला होता. म्हणजे सुरुवातीच्या रेषेवर आपण त्यांच्या मागे नव्हतो. त्यांनी पुढच्या दहा-पंधरा वर्षांत मुलींसाठी लीग उभी केली, गावोगावच्या क्लबांत मुलींना जागा दिली, त्यांना नियमानं सामने मिळतील असं बघितलं. आपल्याकडे त्या उपविजेत्या मुलींची नावंसुद्धा राहिली नाहीत. आणि नॉर्वेची त्या काळातली लोकसंख्या किती? साधारण 43 लाख. 2011 च्या जनगणनेत आपल्या एकट्या कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या जवळपास 39 लाख भरली. माणसं कमी आहेत म्हणून खेळाडू निघत नाहीत, असं मला कुणी सांगितलं तर मी हे दोन आकडे पुढे करते.

रीसेच्या आधी एका दुसऱ्या नॉर्वेजियन बाईंबद्दल सांगायलाच हवं. एलेन विले. 1986 मध्ये मेक्सिकोत फिफाची, म्हणजे जागतिक फुटबॉल महासंघाची, काँग्रेस (सर्वसाधारण सभा) भरली होती. सभागृहात सगळे पुरुष. फिफाच्या अहवालात महिला फुटबॉलचा पत्ता नव्हता. विलेबाई उठल्या, व्यासपीठावर गेल्या आणि त्यांनी सांगितलं, की बायकांना त्यांचा वर्ल्ड कप हवा आणि ऑलिम्पिकमध्ये जागा हवी. त्या व्यासपीठावरून बोललेल्या त्या पहिल्या बाई. फिफाचे अध्यक्ष हावेलांज यांनी मागणी मान्य केली. 1988 मध्ये चीनमध्ये चाचणी स्पर्धा झाली, ती नॉर्वेनंच जिंकली, आणि 1991 मध्ये चीनमध्येच बायकांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. हेगे रीसे तेव्हा बावीस वर्षांची होती. विलेबाई बोलल्या नसत्या तर हेगेची उमेदीची वर्षं कोणत्याही वर्ल्ड कपाविना गेली असती, हा विचार मला अस्वस्थ करतो.

1991 ची ती स्पर्धा कशी होती बघा. सामना 90 नाही, 80 मिनिटांचा. बायकांना पूर्ण वेळ झेपणार नाही असा हिशेब. "वर्ल्ड कप" हे नाव द्यायचीही फिफाची तयारी नव्हती, ते पुढे देण्यात आलं. नॉर्वेनं पहिलाच सामना चीनकडून 0-4 असा गमावला, आणि तरीही तो संघ अंतिम फेरीत पोचला. ग्वांगझौला अमेरिकेविरुद्ध 1-1 अशी बरोबरी होती. 78 व्या मिनिटाला, म्हणजे संपायला दोन मिनिटं असताना, मिशेल एकर्सनं दुसरा गोल केला. 2-1. रीसे त्या हरलेल्या संघात होती.

अंतिम सामन्यात शेवटच्या मिनिटांत हरणं म्हणजे काय, हे कोल्हापूरकराला समजावून सांगायला नको. पेठेत आठ-आठ दिवस चर्चा चालते, कुणाचं चुकलं, कुणाला काढायला पाहिजे. नॉर्वेनं तोच गाभा टिकवला. प्रशिक्षक एवेन पेलेरूड राहिले, खेळाडू राहिल्या. 1993 मध्ये इटलीत यजमान इटलीला 1-0 असं हरवून त्यांनी युरो जिंकला. आणि मग आला 1995.

1995 चा वर्ल्ड कप शेजारच्या स्वीडनमध्ये होता, बारा संघ. नॉर्वेचे निकाल मी मुलींना फळ्यावर लिहून दाखवले. नायजेरिया 8-0. इंग्लंड 2-0. कॅनडा 7-0. उपांत्यपूर्व फेरीत डेन्मार्क 3-1. उपांत्य फेरीत अमेरिका 1-0. अंतिम फेरीत जर्मनी 2-0. सगळे मिळून 23 गोल केले आणि खाल्ला फक्त एक. अमेरिकेविरुद्ध गोल केला आन क्रिस्टिन आरोनेसनं, डोक्यानं. उंच, दणकट फॉरवर्ड, सहा गोल करून स्पर्धेत पहिली आली. सामना संपल्यावर नॉर्वेच्या मुली गुडघ्यांवर बसल्या, प्रत्येकीनं पुढचीचे घोटे धरले आणि आगगाडी करून मैदानावर रांगत निघाल्या. अमेरिकन खेळाडूंना हे दृश्य चांगलंच झोंबलं होतं. माझ्या मुलींना मात्र ते इतकं आवडलं, की आता आमच्याकडे सरावात जिंकणारा गट आगगाडी केल्याशिवाय घरी जात नाही.

पेलेरूडचा खेळ सरळ होता. मागून लांब बॉल टाका, आरोनेससारख्या उंच फॉरवर्डनं तो डोक्यानं घ्यावा, बाकीच्यांनी सुटलेल्या बॉलवर तुटून पडावं. या पद्धतीवर तेव्हाही टीका झाली. मला स्वतःला लांब बॉलचा खेळ फारसा आवडत नाही, तो आमच्या मैदानांवरही नको तितका खेळला जातो. पण नॉर्वेचे जुने सामने नीट बघितले तर दिसतं, की नुसता बॉल भिरकावून हा संघ जिंकत नव्हता. सुटलेला बॉल सापडायचा सहा नंबरच्या, म्हणजे रीसेच्या पायाशी, आणि तिथून पुढे खेळाची गती बदलायची. ती बॉल थांबवायची. समोरची धावत येते आहे हे दिसत असूनही थांबवायची. मग एक टच बाजूला, आणि पास अशा ठिकाणी जायचा जिथे त्या क्षणी कुणीच नसायचं, आणि बॉल पोचेपर्यंत कुणीतरी पोचलेली असायची. खासबागेत पैलवान डाव टाकण्याआधी समोरच्याला नुसतं रेटून, खांदा देऊन, हवा त्या जागी आणतो, आणि जाणत्याला तेव्हाच कळतं की आता कुस्ती झाली. रीसेचा पास पायातून सुटायच्या आधी मला तसंच वाटतं.

मी मुलींना एक काम दिलं होतं. अंतिम सामन्याचा पूर्वार्ध लावते, बॉलकडे बघायचं नाही, फक्त सहा नंबरकडे बघायचं. ती किती वेळा मान वळवते ते मोजायचं. मोजता मोजता पोरी थकल्या. बॉल दुसऱ्याच बाजूला असतानाही ती डावीकडे बघते, खांद्यावरून मागे बघते, पुन्हा समोर बघते. बॉल पायाशी येईपर्यंत तिचं अर्धं काम झालेलं असतं. आमच्याकडे उलट होतं. बॉल येतो, मग मान वर जाते, तोवर समोरची पायात पाय घालून उभी असते. मी गेली कित्येक वर्षं "मान वर, मान वर" म्हणून मैदानावर घसा फोडते आहे. त्या एका पूर्वार्धानं जे काम केलं ते माझ्या ओरडण्यानं झालं नव्हतं.

तर तो अंतिम सामना. 18 जून 1995, स्टॉकहोमजवळच्या सोल्नातलं रोसुंदा स्टेडियम, धो धो पाऊस, आणि 17,158 प्रेक्षक. समोर जर्मनी, त्या संघात सतरा वर्षांची बिरगिट प्रिंझ, जी पुढे जगातली सर्वोत्तम ठरणार होती. नॉर्वेची कॅप्टन हाइडी स्टोरे उपांत्य सामन्यातल्या लाल कार्डामुळे बाहेर बसलेली. मधल्या फळीचा सगळा भार रीसेवर. 37 व्या मिनिटाला तिला बॉल मिळाला आणि या वेळी तिनं पास दिलाच नाही. स्वतः घेऊन निघाली. ओल्या मैदानावर जर्मन बचावाला चुकवत आत गेली आणि गोल केला. तीनच मिनिटांनी मारिआने पेटरसननं दुसरा गोल केला आणि सामना तिथेच संपल्यात जमा झाला.

आयुष्यभर दुसऱ्यांना गोल करायला लावणाऱ्या हाफनं वर्ल्ड कपाच्या अंतिम सामन्यात पहिला गोल स्वतः मारावा, हे मला फार भारी वाटतं. पास द्यायचा की स्वतः जायचं, हे तिनं त्या क्षणी ओळखलं. बचाव करणाऱ्या सगळ्यांनी तिच्याकडून पासच येणार असं धरलं असेल. ती पाच गोल करून स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू ठरली, गोल्डन बॉल तिला मिळाला.

इथे माझी ती पोरगी पहिल्यांदा बोलली. "म्हणजे हाफलापण बक्षीस मिळतंय व्हय?"

मिळतं गं. कमी मिळतं, पण मिळतं.

त्यानंतर काय झालं? आज असा कुणी पुरुष खेळाडू असता तर युरोपातल्या क्लबांनी पैशांची रास ओतली असती. त्या काळात नॉर्वेत बायकांच्या फुटबॉलवर पोट भरत नव्हतं. पैसे देऊन खेळवणाऱ्या मोजक्या जागांपैकी एक होती जपान. जगज्जेती हेगे रीसे जपानला गेली आणि निक्को सिक्युरिटीज ड्रीम लेडीज या संघाकडून खेळली. शेअर बाजारात व्यवहार करणाऱ्या कंपनीचा संघ. आपल्याकडे रेल्वे, बँका, पोलीस यांचे संघ असतात आणि खेळाडूला नोकरी लागली की घरचे सुटकेचा श्वास सोडतात, त्यामुळे मला हे फार परकं वाटलं नाही. एका मुलीच्या आईनं मला विचारलं होतं, "मॅडम, फुटबॉल खेळून हिचं पुढं काय?" त्या माउलीचा प्रश्न अजिबात चुकीचा नाही. जगातल्या सर्वोत्तम हाफलासुद्धा तो प्रश्न पडलेला होता आणि त्यासाठी तिला दुसऱ्या खंडात जावं लागलं. मी त्या आईला खोटी आशा दाखवली नाही. पण मुलीला खेळू दे, एवढं मागितलं, आणि तिनं दिलं.

1996 मध्ये बायकांचा फुटबॉल पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आला, दहा वर्षांपूर्वी विलेबाईंनी मागितला होता तसा. उपांत्य सामन्यात नॉर्वे जवळजवळ जिंकत आला होता. 76 व्या मिनिटाला अमेरिकेनं पेनल्टीवर बरोबरी केली आणि जादा वेळेत गोल्डन गोलवर सामना नेला. तेव्हा जादा वेळेत जो पहिला गोल करेल तो जिंकला, सामना तिथेच बंद, असा नियम होता. नॉर्वेला ब्राँझवर समाधान मानावं लागलं. 1999 च्या वर्ल्ड कपात तर उपांत्य फेरीत चीननं 5-0 असं धुतलं. रीसे तेव्हा तिशीला आली होती.

आणि मग सिडनी 2000. गटातला पहिला सामना, पुन्हा अमेरिका, 0-2 अशी हार. त्यातून नॉर्वेनं नायजेरिया आणि चीनला हरवलं, उपांत्य सामन्यात जर्मनीच्या स्वयंगोलवर 1-0 अशी वाट काढली, आणि 28 सप्टेंबरला अंतिम सामन्यात पुन्हा तीच अमेरिका समोर. पाचव्याच मिनिटाला टिफनी मिलब्रेटनं गोल केला. मध्यंतराच्या तोंडावर ग्रू एस्पेसेथनं बरोबरी केली. 78 व्या मिनिटाला राग्नहिल्ड गुलब्रान्सननं नॉर्वेला पुढे नेलं. जिंकलो असं वाटत असताना जादा मिनिटांत मिलब्रेटनंच पुन्हा डोक्यानं गोल केला. 2-2. पुन्हा जादा वेळ, पुन्हा गोल्डन गोल. चार वर्षांपूर्वी जिथे हरले तिथेच पुन्हा येऊन उभे.

102 वं मिनिट. रीसेनं मागून लांब बॉल टाकला, अमेरिकेच्या बचावाच्या डोक्यावरून जाईल असा. जॉय फॉसेटनं तो डोक्यानं अडवायला बघितला, बॉल उडून डाग्नी मेलग्रेनच्या हाताला लागला आणि तिच्या पुढ्यात पडला. तिनं तो जाळ्यात घातला. रेफरीनं गोल दिला. अमेरिकनांची तक्रार होती आणि ती समजण्यासारखी आहे. आजच्या व्हिडिओच्या जमान्यात हा गोल टिकला असता का, यावर आमच्याकडे मुलींत दोन तट पडले. मला विचाराल तर मी एवढंच म्हणेन, की शंभर मिनिटं धावून पाय जड झालेले असताना हाफनं बॉल नेमका त्याच जागी टाकला जिथे बचाव करणारीला मागे पळत तो खेळावा लागला. बॉल कुठे उडेल हे नशीब. पण समोरचीला अडचणीत टाकायचं काम हाफनं केलेलंच होतं.

त्या सुवर्णपदकानं नॉर्वे हा युरो, वर्ल्ड कप आणि ऑलिम्पिक तिन्ही जिंकणारा पहिला महिला संघ ठरला. जर्मनीला त्यांच्या शेजारी यायला 2016 उजाडलं.

पुढची काही वर्षं रीसे अमेरिकेत खेळली, कॅरोलायना करेज संघातून. अमेरिकेत तेव्हा बायकांची व्यावसायिक लीग नुकतीच सुरू झाली होती. 2002 मध्ये करेजनं लीग जिंकली. त्या संघात तिची जोडीदार होती बिरगिट प्रिंझ, 1995 च्या पावसात समोर उभी असलेली तीच जर्मन पोरगी. ती लीग 2003 मध्ये पैशाअभावी बंद पडली. रीसे नॉर्वेला परतली, 2004 मध्ये राष्ट्रीय संघातून थांबली आणि 2006 मध्ये क्लब फुटबॉलमधूनही. थांबली तेव्हा 188 सामने हा नॉर्वेचा विक्रम होता.

निवृत्तीनंतरचं तिचं आयुष्य मी जरा भरभर सांगते, कारण मला तिचे पाय बघायला जास्त आवडतात. तरी काही गोष्टी महत्त्वाच्या आहेत. 2012 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेनं सुवर्णपदक मिळवलं, तेव्हा स्वीडिश प्रशिक्षक पिया सुंडहागे यांची सहायक होती हेगे रीसे. जिनं सिडनीत अमेरिकेचं सुवर्ण हिरावलं, तीच त्यांच्या बाकावर. नंतर नॉर्वेत एलएसके या क्लबला तिनं लीगची विजेतेपदं मिळवून दिली. 2021 मध्ये काही काळ इंग्लंडची जबाबदारी घेतली आणि टोकियो ऑलिम्पिकला ग्रेट ब्रिटनचा संघ नेला. उपांत्यपूर्व फेरीत एलन व्हाइटनं तीन गोल करूनही ऑस्ट्रेलियाकडून 3-4 अशी हार झाली, जादा वेळेत.

2022 च्या युरोत नॉर्वेनं इंग्लंडकडून 8-0 असा मार खाल्ला, आणि त्यानंतर राष्ट्रीय संघ रीसेच्या हाती आला. 2023 चा वर्ल्ड कप मी रोज सकाळी लावून बघत होते. पहिल्याच सामन्यात न्यूझीलंडकडून 1-0 अशी हार. दुसऱ्या सामन्यात तिनं कारोलिने ग्राहम हान्सनसारखी खेळाडू बाकावर बसवली, सामना 0-0 सुटला, आणि हान्सननं उघडपणे नाराजी बोलून दाखवली. नंतर तिनं माफीही मागितली. फिलिपाइन्सला 6-0 हरवून नॉर्वे पुढे गेला खरा, पण जपाननं 3-1 असं घरी पाठवलं. त्याच वर्षी रीसेचं पद गेलं.

तिच्यावर खूप टीका झाली. मला तो निर्णय पटला नव्हता, हान्सनला पहिल्या मिनिटापासून खेळवायला हवं होतं असंच माझं मत आहे. पण शिकवणं किती कठीण असतं हे मला रोज दिसतं. ज्या माणसाला बॉल येण्याआधी सगळं मैदान दिसतं, त्याला ते दिसणं दुसऱ्याला कसं द्यायचं? "तिथे बघ" असं म्हणेपर्यंत ती जागा बुजलेली असते. रीसेकडे जे होतं ते तिच्या मानेत, डोळ्यांत आणि पायांत होतं, आणि ते फळ्यावर काढून दाखवता येत नाही. प्रशिक्षक म्हणून ती कधी यशस्वी झाली, कधी नाही. खेळाडू म्हणून तिचं मोल त्यामुळे तसूभरही कमी होत नाही, आणि जे 2023 वरून तिला मोजतात त्यांनी रोसुंदाचा तो पाऊस बघितलेला नसणार.

अजून एक सांगायचं राहिलं. 2017 मध्ये नॉर्वेत पुरुष आणि महिला राष्ट्रीय संघांना सारखा मोबदला देण्याचा करार झाला. पुरुष खेळाडूंनी आपल्या वाट्याच्या उत्पन्नातला काही भाग त्यासाठी सोडला. रीसेच्या पिढीला त्याचा पैसा मिळाला नाही. पण महिला संघाशी बरोबरीनं बोलायची वेळ महासंघावर आली, ती कपाटातल्या त्या पदकांमुळे, असं मी मानते.

आमच्या गल्लीतल्या तालमीतल्या पोरांना मी हे सगळं ऐकवलं. त्यांच्यात एक जण सीनियरला हाफ खेळतो. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "ताई, व्हिडिओ आम्हालापण दाखवा की." तालमीत वर्ल्ड कपासाठी आणलेला मोठा पडदा आहे, प्रोजेक्टर आहे. येत्या रविवारी संध्याकाळी सिडनीचा अंतिम सामना तिथे लावायचं ठरलंय. माझ्या मुली येणार आहेत, त्यांच्या आयांनाही निरोप दिलाय. भावालाही बोलावलंय. नॉर्वेचा सामना म्हटल्यावर त्यानं तोंड वाकडं केलं, पण यात ब्राझील नाही असं सांगितल्यावर येतो म्हणाला. कुणाला यायचं असेल तर जरूर या, फक्त अट तीच आहे, पहिली पंधरा मिनिटं बॉलकडे बघायचं नाही. सहा नंबर कुठे बघते आहे ते बघायचं. आणि 102 व्या मिनिटाला तो बॉल हाताला लागतो तेव्हा भांडायला सगळ्यांना मोकळीक आहे.